डागणी, डुक्कर आणि मणक्यातली गाठ

राम राम मंडळी! हे हातात काय आहे, ओळखलं का? (सळई कॅमेऱ्यासमोर) डागणी. बैल लंगडला की आपल्या वऱ्हाडात अजूनही कुणीतरी ही तापवतंच. मी गुरांचा डॉक्टर, हिच्याशी माझं जुनं वैर. म्हणून मणक्यातली कॅन्सरची गाठ उष्णतेनं मारतात हे वाचलं तेव्हा तोंडून निघालं, 'हे बी तेच करून राहिले का बापा!'

तेच नाही. स्तनाचा, फुप्फुसाचा कॅन्सर पसरून मणक्यात उतरतो, माणूस रात्ररात्र कण्हतो. तेव्हा हाडात सुई घालून रेडिओफ्रिक्वेन्सीचा प्रवाह सोडतात. तो सेकंदाला लाखो वेळा दिशा बदलतो, पेशींतले क्षारांचे कण हिसके खातात आणि गाठ आतूनच तापते. ६० अंशांना पेशी जवळपास लगेच मरतात. पण हाव केली, शंभरीजवळ नेलं, की सुईभोवती करपतं, प्रवाह अडतो आणि लांबची गाठ कच्चीच राहते.

धास्ती वेगळीच. काही मिलिमीटरवर मज्जारज्जू. तो ४५ अंशांच्या आसपासच दुखावायला लागतो.

मग तिथवर किती उष्णता पोचते ते खाटकाकडून हाड आणून तपासा ना? तापलेली सळई बादलीत बुडवा, पाणी कोमट होतं. वाहत्या कालव्यात बुडवा, काहीच होत नाही. जिवंत मणक्याभोवती रक्त वाहतं, मज्जारज्जूभोवती पाणी खेळतं, ते उष्णता ओढून नेतं. मेलेल्या हाडात कालवा बंद असतो.

म्हणून डुक्कर. त्याला पूर्ण भूल देतात, एक्स-रेवर बघत सुई घालतात, मज्जारज्जूपाशी तापमान मोजणारी बारीक तार ठेवतात. शुद्धीवर आलं की आधी पाहतात, मागचे पाय टाकतं का. (बसलेल्या बैलाचं मीही तेच पाहतो.) शेवटी त्याला मारून मणक्याचे काप सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. हे लपवून बोलण्यात अर्थ नाही. आपल्याकडे अशा प्रयोगाला १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालच्या समितीची परवानगी लागते.

आता माझी शंका. डुकराचा मणका बहुतेक वेळा निरोगी, त्याची मज्जारज्जूकडची मागची भिंत शाबूत, आणि ती भिंत उष्णता अडवते. पेशंटची तीच भिंत गाठीनं खाल्लेली असू शकते. मग डुकरावरचा आकडा तसाच्या तसा कसा लावणार? म्हणूनच डॉक्टर पेशंटच्या कण्यातही गरज पडली तर तशीच तार ठेवतात.

आणि ही डागणी? पोळ्याच्या दिवशी एका घरून मागून आणली. परत मागायला येतात. मी देत नाही.