पोच मिनिटात, पैसे दोन महिन्यांनी

श्रोतेहो, नमस्कार.

क्लाऊड आणि मोबाईलमुळे धंदा कसा बदलतोय हे सांगायचं म्हटलं की बहुतेक जण किराणा दुकानातल्या क्यूआर कोडपासून सुरुवात करतात. मी आज तुम्हाला ट्रकच्या केबिनमध्ये बसवणार आहे. इचलकरंजीत ग्रे, म्हणजे मागावरून उतरलेल्या बिनरंगवलेल्या कापडाच्या गाठी भरल्यात आणि गाडी अहमदाबादला निघालीय, असं धरून चला. मालवाहतुकीचा धंदाच असा, की माल एकाचा, गाडी दुसऱ्याची, स्टिअरिंगवर तिसरा आणि पैसे देणारा चौथा. या चौघांना बांधून ठेवायचं काम पूर्वी कागद करायचा. आता तो कागद फोनमध्ये गेला. त्यात कोणाचं भलं झालं आणि कोणाचं अडलंय, हे या एका गाडीच्या मागोमाग गेलं की बरंच कळतं.

आधी थोडं मागचं. मुंबईत माल आणायचा तर २०१७पर्यंत जकात भरावी लागायची. मुलुंड, ऐरोली, मानखुर्द, दहिसर या नाक्यांवर रात्री ट्रकची रांग लागलेली असायची. नाक्यावर एजंट, हातात कागदांची चळत, ड्रायव्हर रांगेत पेंगतोय, आणि तिकडे गावाकडे मालकाला गाडी नेमकी कुठे अडकलीय याचा पत्ता नाही. ढाब्यावरून फोन आला तर आला. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. ज्यांनी त्या रांगांमध्ये रात्री काढल्या, त्यांना जीएसटीबद्दल बाकी काहीही वाटत असो, या एका गोष्टीसाठी ते त्याला दुवा देतात.

पण तपासणी संपली नाही, तिची जागा बदलली. आज पन्नास हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीचा माल राज्याबाहेर न्यायचा तर ई-वे बिल, म्हणजे त्या मालाच्या वाहतुकीची ऑनलाइन नोंद लागते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाखाची आहे. आणि इचलकरंजीकरांना हे चांगलं ठाऊक असेल, की सूत किंवा कापड जॉबवर्कसाठी, म्हणजे दुसऱ्याकडून मजुरीवर काम करून घ्यायला, राज्यातच ५० किलोमीटरच्या आत न्यायचं असेल तर किंमत कितीही असो, ई-वे बिल लागत नाही. यंत्रमागाच्या गावात दिवसभर टेम्पोंची जी ये-जा चालते, ती ही सूट नसती तर ठप्पच झाली असती.

या बिलाचे दोन भाग असतात. पहिल्या भागात माल कोणाचा, कोणाला चाललाय, किमतीला किती. दुसऱ्या भागात गाडीचा नंबर. दुसरा भाग भरला की मुदत सुरू होते, दर २०० किलोमीटरला एक दिवस. आता समजा, खंबाटकी घाटात गाडीचा क्लच गेला. दुसरी गाडी बोलावली, गाठी तिच्यात चढवल्या. पूर्वी अशा वेळी बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या मालपावतीवर, पेनाने नंबर खोडून नवा लिहायचा आणि पुढच्या तपासणीत साहेबांचा मूड कसा असेल त्यावर सगळं. आता बुकिंग ऑफिसातला माणूस फोनवरूनच दुसऱ्या भागात नवा नंबर टाकतो आणि गाडी हलते. फक्त एक नवी कटकट आलीय. सुरक्षेसाठी आता लॉगिन करताना ओटीपी लागतो आणि तो नोंदवलेल्या मोबाईलवर जातो. तो मोबाईल शेठच्या उशाशी असला, की रात्री दोन वाजता मुनीमजी शेठना उठवतात. "ओटीपी सांगा." एवढंच बोलणं. शेठही डोळे न उघडता सहा आकडे सांगून कूस बदलतात.

ही यंत्रणा सरळ उभी राहिली असं समजू नका. १ फेब्रुवारी २०१८ला ई-वे बिल देशभर सक्तीचं होणार होतं. पहिल्याच दिवशी वेबसाइट भाराखाली बसली आणि सरकारला सक्ती पुढे ढकलावी लागली. मग १ एप्रिलपासून आधी राज्याबाहेरच्या मालाला आणि त्यानंतर टप्प्याटप्प्याने राज्यांतर्गत मालाला ती लागू झाली. ट्रक भरायची वेळ बहुतेक ठिकाणी संध्याकाळची. गाठी चढतात, दोरखंड आवळले जातात आणि देशभरातले मुनीम एकाच वेळी बिल काढायला बसतात. दुपारी जिथे शुकशुकाट, तिथे संध्याकाळी झुंबड. एवढी झुंबड पेलायची ताकद कायमची विकत घेऊन ठेवायची म्हणजे दिवसभर ती रिकामी पडणार. क्लाऊडमधलं मूळ तत्त्व हेच आहे, की संगणकाची ताकद लागेल तेव्हा लागेल तेवढी भाड्याने घ्यायची आणि काम झालं की सोडून द्यायची. भाड्याची गाडी हा ज्याचा धंदा, त्याला हे समजवायला लागत नाही.

छोट्या ट्रान्सपोर्टवाल्याला मात्र क्लाऊडचा फायदा कळला तो वेगळ्या वाटेने. ऑफिसात एक कॉम्प्युटर, त्यात हिशेबाचा प्रोग्रॅम, बॅकअप म्हणजे टेबलाच्या ड्रॉवरमधला पेन ड्राइव्ह. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा जिथे वह्या भिजल्या, तिथे कॉम्प्युटरही भिजले आणि ड्रॉवरही. ज्यांचा हिशेब गावाबाहेर कुठेतरी साठवलेला होता, त्यांनी पाणी ओसरल्यावर दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो उघडला. उधारी कोणाकडे किती, हे ज्याला सांगता येतं त्याची वसुली होते. ज्याची वही गेली त्याने देणेकऱ्याच्या इमानावर बसायचं.

आता हे "गावाबाहेर कुठेतरी" म्हणजे कुठे? मायक्रोसॉफ्टने २०१५मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईत आपली केंद्रं सुरू केली, अ‍ॅमेझॉनने २०१६मध्ये मुंबईत. आणि नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात गेलात तर खिडक्या नसलेल्या मोठमोठ्या इमारती दिसतील. ती डेटा सेंटर्स. तीच ऐरोली, जिच्या नाक्यावर ट्रक खोळंबायचे. देशभरच्या धंद्यांचे हिशेब आता तिथे मुक्कामाला असतात.

चला, गाडी पुढे काढू. कोल्हापूर ते पुणे रस्त्यावर किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर असे टोलनाके लागतात. मुंबई मागे टाकल्यावर खानिवडे, चारोटी, आणि गुजरातेत शिरलं की भगवाडा, बोरियाच. फास्टॅगची सुरुवातीची चाचणी २०१४मध्ये याच मुंबई-अहमदाबाद मार्गावर झाली होती आणि फेब्रुवारी २०२१मध्ये राष्ट्रीय महामार्गांवरच्या टोलनाक्यांवर तो सगळ्यांना सक्तीचा झाला. टोलवर थांबायचा वेळ वाचला, डिझेल वाचलं, ड्रायव्हरच्या खिशातली रोकड कमी झाली, हे फायदे सरकारने सांगितलेच. न सांगितलेला एक फायदा गाडीमालकांनी आपला आपण शोधला. टोल कापला की मालकाच्या फोनवर मेसेज येतो. आनेवाडीचा मेसेज आला म्हणजे गाडी सातारा ओलांडून गेली. चारोटीचा आला म्हणजे गुजरात जवळ आलं. ज्यांच्याकडे जीपीएस बसवायला पैसे नव्हते, त्यांनी टोलच्या मेसेजवरच गाडीवर नजर ठेवली. यासाठी कोणी प्रशिक्षण शिबिर घेतलं नव्हतं. धंदेवाला माणूस कुठलीही नवी वस्तू हातात आली की तिच्यातून आपल्या कामाचं काय निघतं ते बरोब्बर हुडकतो.

आता जीपीएसही स्वस्त झालाय. गाडी उभी आहे की चालू, वेग किती, इंजिन किती वेळ नुसतंच चालू ठेवलं होतं, टाकीतलं डिझेल एकदम खाली गेलं का, सगळं मालकाला घरबसल्या दिसतं. डिझेलच्या चोऱ्यांना त्याने आळा बसला, ते नाकारता येणार नाही. पण केबिनमध्ये बसलेल्या माणसाच्या बाजूनेही बघा. पूर्वी ड्रायव्हर रस्त्याला लागला की त्याचा तो राजा होता. कुठे जेवायचं, किती वेळ डोळा लावायचा, हे तो ठरवायचा. आता गाडी वीस मिनिटं थांबली की फोन वाजतो, "गाडी का उभी आहे?" तोही कधी मालकाचा, कधी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसचा, कधी ज्याचा माल आहे त्या पार्टीचा.

मला खटकतं ते पुढचं. मोटार परिवहन कामगार कायदा १९६१चा. २०२५मध्ये तो नव्या कामगार संहितेत गेला. त्यात कामाचे तास दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ असे घालून दिले होते. ड्रायव्हर सलग किती तास गाडी चालवतोय हे इतकी वर्षं कोणालाच नेमकं सांगता यायचं नाही, म्हणून कायदा कागदावर राहिला, असं आपण म्हणू शकत होतो. आता ती पळवाट उरलेली नाही. तो चौदा तास चाकावर आहे हे यंत्राला मिनिटामिनिटाने माहीत असतं. त्याच नोंदीवरून उशिराचा दंड लावता येतो, डिझेलचा हिशेब मागता येतो. त्याच नोंदीवरून "आता थांब, झोप" असा फोन गेल्याचं मी तरी फारसं ऐकलेलं नाही.

ड्रायव्हरच्या पदरात काहीच पडलं नाही असंही नाही. रस्त्यात पैसे संपले तर मालक यूपीआयने लगेच टाकतो, टायर फुटला तर पंक्चरवाल्याला परस्पर पैसे जातात. लायसन्स, आरसी आता एमपरिवहन किंवा डिजिलॉकर या सरकारी अ‍ॅपमध्ये दाखवता येतं, आणि २०१८पासून नियमानेच ते ग्राह्य आहे. रात्री घरच्यांशी व्हिडिओवर बोलता येतं. ही शेवटची सोय कुठल्याही धंद्याच्या अहवालात येणार नाही, पण ड्रायव्हरला विचारलंत तर तो आधी हीच सांगेल.

तर गाडी अहमदाबादला पोचली. गाठी उतरल्या. आता येते खरी मेख, ती म्हणजे पोच. माल मिळाला असं लिहून, सही-शिक्का मारलेली बिल्टीची प्रत. पूर्वी ती ड्रायव्हरबरोबर परत यायची. गाडीला तिकडूनच राजस्थानचं किंवा दिल्लीचं भाडं लागलं तर पोचही तिकडेच फिरायची, आणि इचलकरंजीला यायला पंधरवडा जायचा. कधी चहा सांडलेली, कधी फाटलेली. पोच आली की बिल, बिल गेलं की पैसे. आता शिक्का वाळायच्या आत ड्रायव्हर फोटो काढतो आणि पोच व्हॉट्सअ‍ॅपवर येते. काही कंपन्यांच्या अ‍ॅपवर ती थेट चढवता येते. पंधरा दिवसांचं काम मिनिटावर आलं.

मग पैसेही लवकर आले का?

इथे दोन तऱ्हा आहेत. एकुलत्या गाडीचा मालक दलालामार्फत माल भरतो, तेव्हा भाड्याचा मोठा भाग त्याला भरतानाच अ‍ॅडव्हान्स मिळतो आणि उरलेली बाकी पोच आल्यावर. ही बाकी अडकते. फोटो पाठवला तर उत्तर येतं, "मिळाला, पण ओरिजिनल पाठवा." म्हणजे कुरिअर आलंच. आणि जो ट्रान्सपोर्टवाला मोठ्या कंपनीशी करार करतो, तो डिझेल, टोल, ड्रायव्हरचा पगार आज रोख भरतो आणि त्याचं बिल साठ दिवसांनी निघतं. कधी नव्वद दिवसांनी. टोल सेकंदात कापला जातो, ई-वे बिल मिनिटात निघतं, पोच क्षणात पोचते, आणि पैसे मात्र जुन्या बिल्टीच्याच चालीने येतात. यंत्राने उशिराची कारणं एकेक करून काढून टाकली. उरला तो उशीर मुद्दाम केलेला असतो, कारण दुसऱ्याचे पैसे दोन महिने बिनव्याजी वापरायला मिळतात.

यावर उपाय नाहीत असं नाही. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यायचे, हा कायदा २००६चा आहे. ट्रान्सपोर्टवाल्याने उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारकडे नोंद केली असेल तर सेवा देणारा म्हणून तो त्यात बसतो. ही नोंदणी फोनवरून होते, फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. त्यात आयकराचा नवा नियम आलाय. मुदत टळली तर तो खर्च कंपनीला त्या वर्षी वजा करता येत नाही, ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. म्हणून मार्चमध्ये जुनी बिलं अचानक निघायला लागतात, हे हिशेब ठेवणाऱ्यांच्या ध्यानात आलं असेल.

दुसरा उपाय ट्रेड्स. रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने चालणारे हे ऑनलाइन बाजार आहेत. मुंबईचा आरएक्सआयएल २०१७पासून चालू आहे, तो सिडबी ही लघुउद्योगांसाठीची बँक आणि राष्ट्रीय शेअर बाजार यांनी मिळून काढला. तुमचं बिल तिथे चढवायचं, कंपनीने ते मान्य करायचं, मग बँका त्यावर बोली लावतात आणि थोडं व्याज कापून पैसे लगेच तुमच्या खात्यात. कंपनी मुदतीला बँकेचे पैसे फेडते. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना यावर नोंदणी आता सक्तीची आहे. व्यवस्था चांगली आहे. पण घोडं अडतं ते "कंपनीने मान्य करायचं" इथे. नोंदणी सक्तीची आहे, तुमचं बिल तिथे मान्य करणं सक्तीचं नाही. आणि एका गाडीच्या मालकाचं बिल मुळात कंपनीच्या नावावर नसतंच. ते असतं दलालाच्या नावावर. दलालाचं मोठ्या ट्रान्सपोर्टरच्या, आणि ट्रान्सपोर्टरचं कंपनीच्या. क्लाऊडने मधले नाके काढले, मधली माणसं तशीच आहेत.

तिसरा उपाय तक्रारीचा. केंद्र सरकारचं ऑनलाइन पोर्टल आहे, पैसे थकले की तिथे अर्ज करता येतो. बऱ्याच गाडीवाल्यांना ते माहीत असतं. फोनमध्ये उघडूनही पाहिलेलं असतं. पण ज्याचं नाव तिथे लिहायचं, परवाचं भाडंही त्याच्याकडूनच यायचं असतं, आणि गाडीचा हप्ता दर महिन्याला न चुकता आपोआप खात्यातून कापला जात असतो.

नमस्कार.