स्टिअरिंगवर कोण बसणार?

नमस्कार. इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांची मुलं मेलबर्न-सिडनीकडे आहेत, असं आयोजकांनी मला सांगितलंय. तेव्हा व्हिसा, विमा, थंडीचे कपडे हे सगळं मी सोडून देते. तिथे पोचल्यावर घराघरात ज्या एका गोष्टीवरून वाजतं, तेवढ्यावरच बोलते. लांबचा टप्पा आला की गाडीने जायचं की विमानाने?

आधी अंतरांची कल्पना यायला हवी. ऑस्ट्रेलियाचं क्षेत्रफळ सुमारे ७७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या दुपटीहून जास्त. त्यात माणसं जेमतेम पावणेतीन कोटी, आणि तीही बहुतेक किनाऱ्याला चिकटून. सिडनी ते मेलबर्न ह्यूम महामार्गाने ८८० किलोमीटर आहे. आपला मुंबई-नागपूर समृद्धी ७०१ किलोमीटरचा, त्यापेक्षा पावणेदोनशे जास्त. आणि हा तिथला जवळचा टप्पा! सिडनी ते पर्थ जवळपास ३,९०० किलोमीटर. श्रीनगर ते कन्याकुमारी जाणारा आपला राष्ट्रीय महामार्ग ४४ जवळपास एवढाच भरेल.

आता पैशाचा हिशेब. इथे आपण मंडळी पटकन गाडीकडे झुकतो, आणि त्याला कारण आहे. तिकीट माणशी लागतं, पेट्रोल गाडीला लागतं. सिडनी-मेलबर्नला साधारण ७० लिटर पेट्रोल जातं, मग गाडीत एकटा असो की पाच जण. चौघांची तिकिटं, प्रत्येकाच्या बॅगेचे वेगळे पैसे, विमानतळावर जायचा-यायचा खर्च, हे सगळं मांडलं की गाडी स्वस्त दिसते. स्वस्त असतेही. टोल शहरांच्या आतल्या रस्त्यांवर असतात, मधल्या महामार्गावर नाहीत. फक्त गाडी भाड्याची असेल आणि एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडायची असेल, तर त्याचे वेगळे पैसे लागतात का, हे आधी विचारा. ती रक्कम कधीकधी सगळी बचत खाऊन टाकते.

पण या हिशेबात एक माणूस कोणीच धरत नाही. गाडी चालवणारा.

सहलीचं चित्र बघा. आई-बाबा भारतातून आलेत, नातवंडं मागच्या सीटवर, सून किंवा मुलगी पुढे शेजारी. चालवणारा एकच. त्याने वर्षभर साठवलेल्या रजेतले दहा दिवस काढलेत. त्यातले दोन दिवस जाताना आणि दोन येताना तो रस्त्याकडे बघत बसणार. ताशी ११० ची मर्यादा, कॅमेरे, फोनला हात लावला तर तो टिपणारेही कॅमेरे. दर दोन तासांनी थांबा, असं तिथे जागोजागी पाट्या लावून बजावतात, आणि ते ऐकायचं असतं. म्हणजे सिडनी-मेलबर्नचा नऊ तासांचा रस्ता जेवणखाण धरून अकरा-बारा तासांचा होतो. इतरांची सहल सुरू असते तेव्हा त्याची नोकरीच चालू असते, फक्त बिनपगारी. म्हणून माझा आग्रह असतो की किलोमीटर नंतर मोजा, आधी चालवणाऱ्याचे दिवस मोजा. दोघं जण खरोखर आलटून पालटून चालवणार असतील तर गणित बदलतं. ‘मीपण चालवीन की’ एवढ्या आश्वासनावर मात्र विसंबू नका.

मग सिडनी-मेलबर्न विमानाने जावं का? फक्त पोचायचं असेल तर होय. दीड तासाचं उड्डाण, दिवसभर विमानं, घरापासून घरापर्यंत धरलं तरी साधारण पाच तास. ह्यूम महामार्ग उत्तम आहे, जाण्या-येण्याच्या बाजू सगळीकडे वेगळ्या आहेत, पण उत्तम रस्ता म्हणजेच बघण्यासारखा रस्ता असं थोडंच आहे! कॅनबेरा बघायचं असेल तर एक मुक्काम टाकून गाडीने जाण्यात अर्थ आहे. आणि किनाऱ्याच्या रस्त्याने जाणार असाल तर तो प्रश्नच वेगळा. प्रिन्सेस महामार्गाने हे अंतर हजाराच्या वर जातं, पण बेटमन्स बे, ईडन, लेक्स एंट्रन्स अशी गावं लागतात. याला तीन दिवस द्या. दोन दिवसांत उरकायचं असेल तर विमानच बरं.

मेलबर्न-ॲडलेडचंही तसंच. सरळ रस्ता सुमारे ७३० किलोमीटर, बहुतेक शेतंच शेतं. पण ग्रेट ओशन रोडने गेलात तर पहिल्या महायुद्धाहून परतलेल्या सैनिकांनी बांधलेला तो २४३ किलोमीटरचा रस्ता, समुद्रातले ते खडकांचे सुळके, पुढे माउंट गॅम्बियरला ज्वालामुखीच्या विवरातलं तळं, जे उन्हाळ्यात गडद निळं होतं. इथे गाडी हेच उत्तर. विमानातून यातलं काहीच हाती लागत नाही.

आता मे महिन्यात जाणाऱ्यांसाठी, कारण आपल्याकडची मंडळी शाळांच्या सुट्टीत जातात. मेमध्ये तिथे हिवाळा तोंडावर असतो. मेलबर्नला सव्वापाच-साडेपाचला सूर्य मावळतो. शहराबाहेर अंधारात गाडी चालवू नये, हे तिथला प्रत्येक माणूस सांगेल, कारण पहाटे आणि तिन्हीसांजेला कांगारू रस्त्यावर येतात. गाडीची धडक बसली तर त्याचा जीव जातोच, तुमच्या गाडीचं रेडिएटरही जातं आणि तुम्ही कुठेतरी मध्येच अडकता. आडभागात तर बऱ्याच भाडे-कंपन्या अंधार पडल्यावर गावाबाहेर गाडी चालवायला मनाई करतात. कच्च्या रस्त्यांचीही तीच गत. नियम मोडून अपघात झाला तर विमा नाही. म्हणजे मेमधला ‘गाडीचा दिवस’ दहा तासांचा, त्यातले दोन-तीन थांबण्यात जाणार. डिसेंबरात मेलबर्नला साडेआठपर्यंत उजेड असतो, पण तेव्हा तिथल्याही शाळांना सुट्टी, तिकिटं आणि हॉटेलं दोन्ही महाग.

उलुरू, म्हणजे देशाच्या मध्यभागी वाळवंटात उभा असलेला तो प्रचंड लाल खडक, त्याबद्दल सगळ्यात जास्त विचारतात. ‘ॲलिस स्प्रिंग्जला उतरलो की उलुरू दिसेल ना?’ नाही दिसणार. ॲलिस स्प्रिंग्जहून ते साडेचारशे किलोमीटरवर आहे, पाच तासांचा रस्ता. ॲडलेडहून जायचं तर सोळाशे किलोमीटर. उलुरूच्या जवळ युलारा इथे विमानतळ आहे. सिडनीहून साडेतीन तासांत थेट तिथे उतरता येतं. चार-पाच दिवसांची सहल असेल तर दुसरा विचारही करू नका. ॲलिस स्प्रिंग्जहून गाडी घेतलीत तर लांबच लांब ट्रक भेटतील. रोड ट्रेन म्हणतात त्यांना, साडेत्रेपन्न मीटरपर्यंत लांबी. त्याला ओलांडायला किती मोकळा रस्ता लागतो, हे समोरून गाडी येताना शिकू नये.

ब्रिस्बेन ते केर्न्स? सतराशे किलोमीटर. तिथली ग्रेट बॅरिअर रीफ, म्हणजे प्रवाळांची रांग, महामार्गावरून दिसत नाही, ती समुद्रात आहे. विमानाने जा.

आता एवढं बोलून मी स्वतःच्याच विरोधात थोडं बोलते. नल्लारबोर, म्हणजे दक्षिण किनाऱ्यालगतचं झाडं नसलेलं सपाट मैदान, तिथून जाणारा रस्ता. ॲडलेड ते पर्थ २,७०० किलोमीटर, विमानाने साडेतीन तास. माझ्या हिशेबाने इथे गाडी पूर्ण हरते. बॅलाडोनिया ते कायगुना या टप्प्यात १४६.६ किलोमीटर एकही वळण नाही. तासन्‌तास फोनला रेंज नाही, पेट्रोलपंप, खाणं आणि मुक्काम हे सगळं दूर दूर असलेल्या रोडहाउसांवरच, आणि तिथल्या पेट्रोलचा भाव शहरापेक्षा बराच चढा. तरीही लोक मुद्दाम हा रस्ता करतात, आणि मला ते पटतं. हेड ऑफ बाइटला हिवाळ्यात देवमासे पिलांना घेऊन किनाऱ्याजवळ येतात. बुंडाच्या कड्यांवर जमीन एकदम तुटते आणि खाली सरळ समुद्र. इथे रस्ता हीच सहल आहे. फक्त चालवणारे दोन हवेत, हाताशी किमान चार दिवस हवेत आणि गाडीतल्या प्रत्येकाला हे खरंच करायचं असायला हवं. नातवंडांना घेऊन जाऊ नका. आणि बरोबर फळं घेऊ नका. राज्याच्या हद्दीवरच्या तपासणीत टाकून द्यावी लागतात. पश्चिम ऑस्ट्रेलियात शिरताना मधाची बाटलीसुद्धा चालत नाही. दशम्या आणि कोरडी चटणी खुशाल न्या.

समोरून एक काका मघापासून हात वर करतायत. काय म्हणता? भारतातल्या लायसनवर तुम्ही स्वतः चालवू शकाल का? पर्यटक म्हणून गेलात आणि लायसन इंग्रजीत असेल तर सहसा चालतं, पण ज्या राज्यात चालवणार तिथला नियम बघून घ्या. भाड्याच्या गाडीवर तुमचं नाव चालक म्हणून नोंदवलेलं हवं, नाहीतर विमा लागू होत नाही. तिथेही आपल्यासारखं डावीकडूनच चालवतात, त्यामुळे पहिल्या दिवशी वाटतं सोपं आहे. जिथे सिग्नल नसतो, पोलीस नसतो, केवळ पाटी दिसली म्हणून सगळे थांबतात, अशा चौकात मात्र आपली सवय आड येते.

चालवायची हौसच असेल तर टास्मानियात, म्हणजे दक्षिणेकडच्या त्या बेटावर, चालवा. होबार्टपर्यंत विमानाने जा, गाडी तिथे घ्या. मेलबर्नजवळच्या जिलाँगहून रात्रीची बोटही आहे, पण भाड्याची गाडी बोटीवर न्यायला कंपनीची परवानगी लागते आणि बोटीचं भाडं वेगळं. होबार्ट ते लॉन्सेस्टन दोनशे किलोमीटर, अडीच तास. दुपारी जेवून निघालात तरी उजेडात पोचता. त्या दिवशी मुलाला मागच्या सीटवर बसू द्या.