कत्तलची रात

(लघु माहितीपटासाठी निवेदन)

[दृश्य: पाँपेईच्या भिंती, त्यांवरची लाल अक्षरं]

इटलीतलं पाँपेई शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. पुढे उत्खनन झालं, तेव्हा भिंतींवर रंगवलेला निवडणुकीचा प्रचार जसाच्या तसा सापडला. त्यात वातिया नावाच्या एका उमेदवाराला पाठिंबा देणाऱ्या ओळी आहेत. ‘वातियाला निवडून द्या’ असं एका ओळीत सांगतात ते भुरटे चोर. दुसऱ्या ओळीत तेच सांगतात रात्री उशिरापर्यंत पीत बसणारे सगळेजण. असा पाठिंबा कोण स्वतःहून मागेल? या ओळी विरोधकांनीच रंगवल्या असाव्यात, असं अनेक अभ्यासक मानतात. वातियावर त्यांत एकही आरोप नाही. त्याच्याभोवती नको ती माणसं उभी केली, एवढंच.

[दृश्य: मराठवाड्यातलं गाव, चुना मारून राखून ठेवलेली भिंत, जीपवरचा भोंगा]

ही युक्ती परभणीत, हिंगोलीत, धाराशिवला कुणाला समजावून सांगावी लागणार नाही. मतदानाच्या आदल्या रात्रीला आपल्याकडे ‘कत्तलची रात’ म्हणतात. जाहीर प्रचार थांबलेला असतो, भोंगे बंद असतात. मग पहाटेच्या अंधारात दारांच्या फटींतून पत्रकं सरकतात. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७अ नुसार निवडणुकीच्या प्रत्येक पत्रकावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापावाच लागतो. नाही छापला, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण या पत्रकांवर नाव असतं ते ‘एक जागरूक मतदार’ असलं काहीतरी. सकाळी पारावर तेच वाचलं जातं, आणि ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला उत्तर द्यायला वेळच उरलेला नसतो.

अशी बदनामी कुठवर जाते हे कळायला अमेरिकेतली १८२८ ची अध्यक्षपदाची निवडणूक बघायला हवी. अँड्र्यू जॅक्सन उमेदवार होते. फिलाडेल्फियाचे मुद्रक जॉन बिन्स यांनी त्यांच्याविरुद्ध एक पत्रक काढलं, त्यावर सहा काळ्या शवपेट्या छापल्या. जॅक्सन सेनापती असताना सहा सैनिकांना देहदंड झाला होता, त्याची ही आठवण. हा वाद निदान त्यांच्या सार्वजनिक कामाचा तरी होता. पण विरोधक तिथे थांबले नाहीत. जॅक्सन यांची पत्नी रेचेल हिचं पहिलं लग्न मोडलं होतं, आणि त्या घटस्फोटाचे कागद पुरे होण्याआधीच दोघांचं लग्न झालं होतं. सुमारे पस्तीस वर्षांपूर्वीची ही गोष्ट. वृत्तपत्रांनी ती उकरून काढली आणि तिला व्यभिचारिणी ठरवलं. जॅक्सन निवडून आले. पण पदाची शपथ होण्याआधीच, २२ डिसेंबर १८२८ ला रेचेल वारली. या बदनामीनेच तिचा जीव घेतला, असं जॅक्सन शेवटपर्यंत मानत राहिले.

ती उमेदवार नव्हती. तिला कुणाचं मत नको होतं. तरी सगळ्यात खोल घाव तिलाच बसला.

[दृश्य: ग्रामपंचायत कार्यालय, अर्ज भरायला आलेल्या महिला]

महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये महिलांना आधी एकतृतीयांश जागा मिळाल्या आणि २०११ पासून निम्म्या. मराठवाड्यातल्या हजारो बाया त्यामुळे पहिल्यांदा उंबरठा ओलांडून प्रचाराला निघाल्या. पुरुष उमेदवाराबद्दल बोलायचं झालं तर रस्ता कुठे खाल्ला, सोसायटीचं कर्ज कुणी बुडवलं, हे निघतं. बाई उभी राहिली की ती रात्री किती वाजता घरी आली, कुणाच्या गाडीत बसली, हे निघतं. हा फरक सहज चालवून घेतला जातो, याची चीड यायला हवी. आरोप खरा की खोटा हे मतमोजणीनंतर कुणी विचारतही नाही. तिला मात्र त्याच गावात, त्याच गल्लीत, सासरच्या त्याच माणसांत राहायचं असतं.

मराठवाड्यात बदनामीची दुसरी वाट जातीतून आणि इतिहासातून जाते. निजामाच्या राजवटीतून हा भाग १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झाला. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांनी केलेल्या अत्याचारांच्या आठवणी घराघरांत होत्या, अजूनही आहेत. म्हणूनच ‘रझाकार’ हा शब्द आजही सभांमधून विरोधकाच्या अंगावर फेकला जातो, त्या काळी जन्मलाही नव्हता अशा माणसावरसुद्धा. जातीचं काम याहून हळू आवाजात चालतं. उमेदवार कुठल्या तरी बैठकीत ‘आपल्या समाजाला असं असं बोलला म्हणं’, एवढं एक वाक्य आठवडी बाजारातून चार गावांत पोचतं. बैठक कुठली, ऐकलं कुणी, याचा पत्ता नसतो. कंडी पिकवणाऱ्याला पुरावा द्यावा लागत नाही. खुलासा करणाऱ्याला मात्र गावोगाव फिरावं लागतं.

आणि इथले निकाल किती काठावरचे लागतात! २०१९ ला औरंगाबाद लोकसभेचा निकाल ४,४९२ मतांनी लागला. २०२४ ला बीडचा ६,५५३ मतांनी. लाखोंच्या मतदानात एवढं अंतर असेल, तर एका रात्रीचं मोल काय ते प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असतं.

ही वेळ साधण्याची कला ब्रिटनने १९२४ मध्ये पाहिली. मतदानाला चार दिवस उरले असताना ‘डेली मेल’ने एक पत्र छापलं. मॉस्कोतल्या आंतरराष्ट्रीय कम्युनिस्ट संघटनेचे प्रमुख झिनोव्हिएव यांनी ब्रिटिश कम्युनिस्टांना उठावासाठी लिहिलेलं पत्र, असं त्याचं वर्णन होतं. सत्तेतला मजूर पक्ष ती निवडणूक हरला. पुढे ते पत्र बनावट ठरलं. आपल्याकडे १९८९ च्या निवडणुकीआधी व्ही. पी. सिंह यांच्या मुलाचं सेंट किट्स बेटावर बँकखातं असल्याची कागदपत्रं अशीच पुढे आली. तीही बनावट निघाली.

[दृश्य: जालना रस्त्यावरचं उच्च न्यायालयाचं खंडपीठ]

कायदा नाही असं नाही. उमेदवाराच्या खासगी चारित्र्याबद्दल वा वर्तनाबद्दल, खोटं आहे हे माहीत असताना केलेलं विधान हे त्याच लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(४) प्रमाणे भ्रष्ट आचरण ठरतं, त्यावरून निवडच रद्द होऊ शकते. त्यातला एक गाजलेला खटला औरंगाबाद खंडपीठासमोर चालला. १९९१ ला अहमदनगर लोकसभेत यशवंतराव गडाख जिंकले, बाळासाहेब विखे पाटील हरले. विखे पैशांच्या जोरावर मतं मिळवत असल्याचे आरोप प्रचारसभांतून झाले होते, त्याबद्दल विखे कोर्टात गेले. खंडपीठाने गडाखांची निवड रद्द केली. १९९३ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दच ठेवली. प्रचारातल्या भाषणावरून शरद पवार यांच्याविरुद्ध खंडपीठाने काढलेला निष्कर्ष मात्र काढून टाकला. वरच्या नेत्यांनी प्रचाराची पातळी राखली तर ती खालपर्यंत झिरपते, असंही त्या निकालात म्हटलं आहे. तोवर मतदान होऊन सुमारे अडीच वर्षं उलटली होती. विखे यांच्यामागे वकील होते, साधनं होती. जिल्हा परिषदेला उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याच्या सुनेनं ही लढाई कशी लढायची?

[दृश्य: अंधारात उजळलेला मोबाइल]

आता पत्रक छापावंही लागत नाही. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान होतं. आदल्या रात्री बिटकॉइनच्या व्यवहारांबद्दलच्या काही ध्वनिफिती पसरल्या. त्यांत सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांचे आवाज आहेत, असा दावा होता. हा आवाज आपला नाही, असं सुळे यांनी सांगितलं, निवडणूक आयोगाकडे आणि सायबर पोलिसांकडे तक्रारही केली. एका खासदाराला हे तातडीने करता येतं, दूरचित्रवाणीचे कॅमेरे दारात असतात. किनवटच्या तांड्यावर किंवा भूमच्या वाडीत रात्री बारानंतर ग्रुपवर तशीच फीत आली, तर उमेदवार दोन-चार जणांना फोन करते, पोलीस ठाण्यात जाते. ठाणे अंमलदार अर्ज घेतो, मोबाइल मागतो, पोच देतो. सकाळी सातला मतदान सुरू होतं.