केसपेपर कधी नष्ट करायचा?

(दृश्य : सोलापुरातलं एक रुग्णालय. लोखंडी मांडणी, दोरीने बांधलेले गठ्ठे.)

रेकॉर्ड रूममध्ये कागद रोज येतात, बाहेर काढायला मात्र कुणी धजावत नाही. भीती रास्त आहे. 2002च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार भरती रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षं ठेवायचे. पीसीपीएनडीटीचे, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याखालचे, 2 वर्षं. खटला असेल तर तो निकाली निघेपर्यंत. गर्भपाताचं रजिस्टर त्या कॅलेंडर वर्षाच्या अखेरीपासून 5 वर्षं, म्हणजे फेब्रुवारी 2021ची नोंद 31 डिसेंबर 2026पर्यंत.

म्हणून हे कागद सांभाळणाऱ्या संगणकाच्या सिस्टिममध्ये नुसती मुदत भरून भागत नाही, ती कधीपासून मोजायची हेही भरावं लागतं. घाईत बांधलेली सिस्टिम स्कॅनच्या तारखेपासून मोजते. मग 2015चा पेपर 2024मध्ये स्कॅन झाला, की 2027पर्यंत मुक्काम ठोकतो. लहान मुलांचे कागद वयाच्या 21व्या वर्षापर्यंत ठेवलेले बरे, कारण सज्ञान झाल्यावरही दाव्याची मुदत उरते. जन्मतारखेऐवजी नुसतं ‘वय 2’ लिहिलं असेल, तर शक्य तितकी उशिराची जन्मतारीख धरायची.

(दृश्य : केसपेपर काउंटर.)

खरी गोम इथे आहे. एमएलसी (पोलिसांना कळवावी लागणारी केस) असो, पोलिसांचं पत्र असो की ग्राहक आयोगाची नोटीस, फाइलला होल्ड, म्हणजे नष्ट न करण्याची खूण, लागलाच पाहिजे. मग मुदत संपली तरी ती हलत नाही. पण सोलापुरात सिद्धेश्वराच्या नावावरची माणसं घरोघरी. एकच माणूस एकदा सिद्राम, पुढच्या खेपेला सिद्रामप्पा, तिसऱ्यांदा सिद्धाराम. म्हणजे एकाच माणसाचे तीन क्रमांक, होल्ड मात्र एकाच क्रमांकाला. उरलेल्या दोन फाइली सिस्टिम बिनदिक्कत पुसते. मोबाइल नंबरवर भिस्त ठेवू नये, तो अख्ख्या घराचा एकच असतो. वडिलांचं नाव, वय, गाव जुळवून संशयित जोड्या सिस्टिमने दाखवाव्यात. एकत्र करण्याचं बटण माणसानेच दाबावं. एक्स-रे आणि लॅबचे रिपोर्ट वेगळ्या सर्व्हरवर असतील तर होल्ड तिथेही पोचला पाहिजे.

ईसीजीची थर्मल पट्टी त्याच दिवशी स्कॅन करावी. उन्हाळ्यात तापलेल्या खोलीत ती लवकर खराब होते.

नष्ट करण्याच्या यादीवर दोघांच्या सह्या हव्यात. फाइल गेली तरी तिचा क्रमांक, प्रकार, लागू नियम आणि मंजुरी देणाऱ्यांची नावं नोंदीत राहतात. आजाराचं नाव मात्र राहत नाही. आणि सर्व्हर बंद पडून जुना बॅकअप चढवला, की पुसलेल्या फाइली परत उगवतात. तेव्हा नष्ट केलेल्या फाइलींची ती नोंद पुन्हा चालवून त्या पुन्हा पुसायच्या, आणि मगच सिस्टिम वॉर्डांसाठी खुली करायची.