पाहुण्या बोटींचा धक्का

नमस्कार मंडळी. आजचा विषय वाचून दोघातिघांनी मला आधीच विचारलं, की इथे बोट एकाकडेही नाही, मग बोटी बांधायच्या जागेबद्दल तासभर काय ऐकायचं? प्रश्न रास्त आहे. पण आपण ग्लासगोवाले उन्हाळ्यात एकदा तरी स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मल बेटावर जातो आणि तिथल्या टोबरमोरी गावाच्या रंगीत घरांसमोर फोटो काढतो. त्याच खाडीत पाण्यावर एक तरंगती वाट आहे आणि तिला दोन्ही अंगांनी शिडाच्या बोटी लागलेल्या असतात. घरं बघण्याच्या नादात तिच्याकडे लक्ष जात नाही. मी पेशाने किनाऱ्यावरची बांधकामं करणारा अभियंता, आणि सुट्टीत मित्राच्या बोटीवर दोर ओढणारा हौशी खलाशी. त्यामुळे थोडं धंद्याचं, थोडं हौसेचं, असं मिसळून येईल. सांभाळून घ्या.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. छोट्या बंदराने पाहुण्यांसाठी नवी सोय केली, की लोकांना वाटतं बोटी ठेवायला जागा केली. बोटींना जागा पूर्वीही होती. नव्याने होते ती माणसांची सोय, कोरड्या पायांनी गावात उतरण्याची. सगळा खर्च आणि सगळी भांडणं त्या उतरण्यापाशीच येतात.

टोबरमोरीला पाहुण्यांची सवय जुनी आहे. १५८८ साली स्पेनच्या आरमाराची इंग्लंडवरची मोहीम फसली, आणि स्कॉटलंडला वळसा घालून घरी निघालेल्या जहाजांपैकी एक इथे आसऱ्याला आलं. अन्नपाणी हवं होतं, डागडुजी करायची होती. मल बेटावरच्या मॅक्लीन घराण्याच्या सरदाराने रसद दिली, पण फुकट नाही. मोबदल्यात स्पॅनिश शिपाई घेतले आणि शेजारच्या मॅकडोनल्डांवर सोडले. नोव्हेंबरात त्या जहाजाचा स्फोट होऊन ते खाडीतच बुडालं. त्यात खजिना आहे या आशेवर पुढे कित्येक पिढ्यांनी तळ उकरला. मुक्कामाचं भाडं वसूल करायची रीत या गावात तेव्हापासूनची आहे, असं गमतीने म्हणता येईल.

आज दिसतं ते गाव मात्र १७८८ सालचं. ब्रिटिश फिशरीज सोसायटीने मासेमारीसाठी ते मुद्दाम वसवलं. मुख्य भूमीवरचं अलापूल गावही त्याच संस्थेने त्याच वर्षी वसवलं. जागा अचूक निवडली होती. समोर काल्व्ह बेट आडवं पडलेलं, त्यामुळे साउंड ऑफ मल या बाहेरच्या सामुद्रधुनीतली लाट आत फारशी शिरत नाही. मासेमारी अपेक्षेइतकी बहरली नाही, पण आसरा राहिला, आणि वाफेच्या बोटींमागून हौशी शिडाच्या बोटी येऊ लागल्या. हौशी खलाशांचा क्लाइड क्रूझिंग क्लब १९०९ सालचा आहे, म्हणजे या किनाऱ्यावर हौसेने शिडं उभारणारी ही चौथी-पाचवी पिढी.

आता या बोटी थांबायच्या कशा? पहिला उपाय नांगर. टोबरमोरीची खाडी देखणी आहे तशी खोलही आहे. पाणी १५ मीटर असेल तर साखळी निदान चौपट सोडावी लागते, म्हणजे ६० मीटर. वारा फिरला की बोट त्या साखळीच्या टोकाला मोठं वर्तुळ काढत फिरते, आणि तेवढ्या वर्तुळात दुसऱ्याने येऊन चालत नाही. उथळ, सोयीच्या जागा गावकऱ्यांच्या बोयांनी आधीच धरलेल्या असतात. म्हणजे अख्खी खाडी मोकळी दिसते आणि नांगर टाकायला जागा सापडत नाही.

दुसरा उपाय पाहुण्यांसाठीचे बोये. तळाशी जड वजन, त्याला साखळी, वर बोया. आकडीच्या काठीने बोयाचा दोर उचलायचा, पुढच्या खुंटाला अडकवायचा, झालं. हायलँड्स अँड आयलंड्स एंटरप्राइझ या सरकारी विकास संस्थेने पश्चिम किनाऱ्यावर ठिकठिकाणी असे मोठे निळे बोये टाकले. कमी जागेत जास्त बोटी मावू लागल्या. पण किनारा तेवढाच दूर राहिला.

हे दूर राहणं म्हणजे काय, ते जरा जवळून पाहू. संध्याकाळचे सात वाजलेत, पाऊस तिरका लागलाय. बोटीवर चौघं आहेत, त्यातली एक आजी. रबरी डिंगी, म्हणजे किनाऱ्यावर जायची छोटी होडी, फुगवायची, पाण्यात सोडायची, तिचं छोटं इंजिन मागच्या कठड्यावरून हातात धरून खाली उतरवायचं. ते हातातून निसटलं तर गेलंच. मग एकेकाने खाली उतरायचं, आजीने गुडघा कुठे टेकायचा ते सगळ्यांनी एकदम सांगायचं. किनाऱ्यावर पोहोचलं की शेवाळलेल्या पायऱ्या. वाण्याकडून सामान घेऊन परतताना पाव भिजलेला, आणि परतीचा प्रवास अंधारात. इथलं पाणी ऑगस्टमध्येसुद्धा १३-१४ अंशांच्या आसपास असतं. त्यात अचानक पडलेल्या माणसाचा श्वास आधी अडकतो, पोहायचं नंतर सुचतं. अशा वेळी बरीच मंडळी काय करतात? बोटीवरच डबाबंद सूप गरम करतात आणि झोपतात. गावाला त्यांच्याकडून दमडी मिळत नाही, आणि ती मंडळी गाव दुरून बघून पुढे जातात.

म्हणून तरंगता धक्का. सगळे इथे त्याला पाँटूनच म्हणतात, मीही म्हणतो. पक्का दगडी धक्का असताना याची गरज का पडावी, हे समजायला भरती-ओहोटीचा हिशेब लागतो. टोबरमोरीला उधाणाच्या दिवशी पाणी सुमारे ४.४ मीटरपर्यंत चढतं आणि ओहोटीला ०.७ मीटरपर्यंत उतरतं. गंमत बघा, मुंबईचे आकडे जवळजवळ हेच आहेत. गेटवेला अलिबागच्या लाँचमध्ये ज्यांनी ओहोटीला उतरून पाहिलंय, चिकट पायरीवर एक पाय आणि हलत्या लाँचवर दुसरा, त्यांना मी वेगळं सांगायला नको. दगडी धक्क्याला बांधलेल्या बोटीचे दोर दर दोन तासांनी सैल करावे किंवा ओढावे लागतात. विसरलात तर बोट दोरांवर लोंबकळते. पाँटून पाण्याबरोबर वरखाली होतं, त्यामुळे बोट आणि धक्का यांच्यातलं अंतर चोवीस तास तेवढंच राहतं. रात्री दोर बघायला उठावं लागत नाही.

मुंबईचं नाव निघालंच आहे तर एक गोष्ट सांगतो. ज्या १७८८ साली टोबरमोरी वसलं, त्याच वर्षी मलशेजारच्या उल्वा बेटावर जन्मलेला लॅकलन मॅक्वारी नावाचा लष्करी अधिकारी पलटणीबरोबर मुंबईत उतरला. तिथेच १७९३ साली त्याने जेन जार्विसशी लग्न केलं. ती अँटिग्वातल्या, गुलाम राबवणाऱ्या मळेवाल्या घराण्यातली. तीन वर्षांतच ती क्षयाने गेली आणि तिचं दफन मुंबईत झालं. नंतर मलवर जमीन घेतल्यावर मॅक्वारीने त्या मालमत्तेला तिच्या नावावरून जार्विसफील्ड नाव दिलं. हाच पुढे ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर झाला, आणि त्याची समाधी मलवरच ग्रूलिनला आहे. टोबरमोरीला जाताना थोडी वाट वाकडी केली तर बघता येते.

असो. पाँटून तरंगतं, पण जमीन तरंगत नाही. या दोघांना जोडणारा बिजागरीचा पूल हा आमच्या कामातला खरा अवघड तुकडा. साधा हिशेब करू. धक्क्याचा माथा उधाणाच्या भरतीपेक्षा दीड मीटर उंच धरा. पाण्याचा चढउतार ३.७ मीटर. पाँटूनचा पृष्ठभाग पाण्यापासून अर्धा मीटर वर. म्हणजे ओहोटीला दोहोंत ४.७ मीटरचा फरक पडला. चालणाऱ्याला झेपेल असा एकास चार उतार ठेवायचा तर पूल जवळजवळ १९ मीटर लांब हवा. चाकाच्या खुर्चीसाठी एकास बारा धरला तर ५६ मीटर! एवढा पूल छोट्या बंदराला परवडत नाही आणि ठेवायला जागाही नसते. म्हणून अपंग माणसाला पुष्कळ ठिकाणी आजही भरतीची वाट बघावी लागते. नव्या सोयीच्या उद्घाटनाला हे कोणी बोलत नाही, पण आराखड्यावर सही करताना आम्हाला ते ठाऊक असतं.

दक्षिणेकडच्या आयला बेटावरच्या पोर्ट एलनला मात्र ही डोकेदुखी नाही. भरतीची लाट ज्या बिंदूभोवती फिरते तो त्याच बाजूला आहे, म्हणून तिथे पाणी एक मीटरही चढत-उतरत नाही. त्याच्या उलट पूर्व किनारा. अँस्ट्रदरसारख्या बंदरात ओहोटीला पाणी निघून जातं आणि बोटी चिखलावर बसतात. तिथे पाँटूनही चिखलावर बसतं. खोल कणा असलेल्या पाहुण्या बोटीने भरती बघूनच आत यायचं, भरती बघूनच बाहेर पडायचं.

दुसरी अडचण लाटेची. पाँटूनला पाऊण फूट-एक फूट लाटेपलीकडे सोसत नाही. सांधे कुरकुरतात, दोर तुटतात, बोटी एकमेकींवर आदळतात. मग बाहेरच्या बाजूला काँक्रीटचं जड, रुंद पाँटून ठेवून त्यालाच लाटरोधक करतात. ते वाऱ्याने उठलेली आखूड, तीनचार सेकंदांची लाट अडवतं. दुरून येणारी लांब लाट त्याच्या खालून निवांत निघून जाते. त्यामुळे जिथे निसर्गाने काल्व्हसारखं बेट आडवं टाकलेलं नाही, तिथे गावाने कितीही मागणी केली तरी मी स्वस्तातला तरंगता धक्का सुचवत नाही. आणि दगडी बांध तर कोटींच्या घरात जातो.

बाकी गोष्टी छोट्या, पण पाहुणा त्यांवरूनच बंदर लक्षात ठेवतो. पाण्याचा नळ आणि त्याला पुरेशी लांब नळी. निळ्या प्लगची १६ अँपिअरची वीज. पाण्यात पडलेल्याला वर चढता येईल अशी शिडी, ठराविक अंतरावर. न घसरणारी जाळीची फळी. इथली पाणमांजरं पाँटूनवर विष्ठा करून हद्द आखतात, आणि सकाळी त्यावरून माणूस सरळ पाण्यात जातो. हसू नका, देखभालीचा हा खरोखरचा मुद्दा आहे. आणि मुख्य म्हणजे गरम पाण्याचं न्हाणीघर व कपडे धुण्याचं यंत्र. टोबरमोरीला हे सगळं बंदराच्याच इमारतीत आहे, आणि तिथेच एक मत्स्यालयही आहे. त्यातले जीव जवळच्याच समुद्रातून आणतात आणि काही आठवड्यांत परत सोडतात. मुलांना घेऊन गेलात तर ते चुकवू नका.

आता पैशाचं. इथला बराचसा समुद्रतळ राजमुकुटाच्या मालकीचा. त्याचा कारभार २०१७ पासून स्कॉटलंडकडे आला. तळाला साखळी अडकवायची तर भाडेपट्टा हवा, शिवाय २०१० च्या सागरी कायद्याखाली परवाना. एवढं करून वर्षाचे पाचसहा महिने कमाई. खासगी कंपनीला असल्या जागेत रस कमीच. मोठ्या गावांचीही तीच कथा: ओबान म्हणजे या किनाऱ्याची बाजारपेठ, पण तिथल्या नॉर्थ पिअरला पाहुण्यांसाठी पाँटून लागायला २०१७ उजाडलं. तोवर समोरच्या केरेरा बेटावर बोट ठेवून फेरीबोटीने गावात या, असा मामला होता. म्हणून टोबरमोरीत हे काम गावकऱ्यांच्या संस्थेने हातात घेतलं. भाडं बोटीच्या लांबीवर आकारतात, आणि शिल्लक बंदरातच परत घालतात. मला हीच पद्धत पटते. रात्री दोन वाजता वादळात सुटलेला दोर पकडायला धावणारा माणूस त्याच गावात राहतो, मग नफ्याने दुसऱ्या शहरात का राहावं?

विरोधकही आहेत, आणि त्यांचं सगळंच चूक नाही. जुने दर्यावर्दी म्हणतात, पूर्वी फुकट नांगर टाकायचो, आता बोये आणि पाँटूनांनी ती जागाच खाल्ली. मासेमार म्हणतात, आमच्या कोळंबीच्या टोपल्या उतरवायच्या जागी हौशी लोक चहा पीत बसलेले असतात. माझं मत सांगतो. नांगरासाठी खाडीचा एक भाग नकाशावर आखून मोकळा ठेवावा, मासेमारांचा धक्का वेगळा असावा, आणि दोनचार तासांपुरतं थांबणाऱ्याला अगदी नाममात्र भाडं असावं. तो जेवून, किराणा भरून जाईल. गावाचं नुकसान नाही.

जुलैअखेर शर्यतींचा आठवडा आला की हे सगळे हिशेब कोलमडतात. पाँटून भरतं आणि बोटी एकीला एक, एकीला एक बांधत चार-चार बाहेर जातात. चौथ्या बोटीवरच्याला किनाऱ्यावर यायचं तर तीन परक्या बोटी ओलांडाव्या लागतात. तिथला रिवाज पक्का आहे: ओलांडायचं ते पुढच्या टोकाकडून, सुकाणूपाशी जिथे घरची माणसं बसलेली असतात तिथून नाही. आपल्याकडे परक्याच्या घरी थेट स्वयंपाकघरातून वाट काढत नाहीत, तसंच. बूट हातात, आवाज हळू, आणि किनाऱ्याचे आपले दोन दोर आपण बांधायचे. आतल्या बोटीवर सगळा भार टाकायचा नाही.

बघायला जाणार असाल तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी पाहा आणि उधाणाच्या ओहोटीला जा. पूल किती कलतो ते तेव्हाच कळतं. पुलाच्या फाटकाशी सूचना असतील त्या वाचा, आणि मुलांना लाइफजॅकेट घातल्याशिवाय पाँटूनवर नेऊ नका. ओबान ते क्रेगन्यूर फेरीत गाडीची जागा उन्हाळ्यात फार लवकर संपते, तेव्हा तिकीट आजच काढा. आता कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा.