चेन चांगली आहे, रनर गेलाय

(ठाणे स्टेशनचा पूल, सकाळ. कॅमेरा चेहऱ्यांवर नाही, छातीवर अडकवलेल्या सॅकवर.)

सकाळच्या वेळी ठाणे स्टेशनच्या पुलावर उभं राहा आणि माणसांऐवजी त्यांच्या सॅक बघा. गर्दीत सॅक पाठीवर नसते, पोटावर असते, त्यामुळे सगळ्या चेना समोरूनच दिसतात. एकीला चेन ओढायच्या पुलरच्या जागी सेफ्टी पिन आहे. एकीला किल्ल्यांची रिंग. एकीला लाल धागा, बहुधा मनगटावरचाच सोडून बांधलेला. आणि ती कठड्याजवळची काळी सॅक? तिला काहीच नाही. मालक नखानं रनर ओढतोय, पास आत आहे आणि गाडीची अनाउन्समेंट झालेली आहे.

त्या नखाची सोय बघायला आपण ठाण्यातल्याच चरईत जाऊ.

(चरईतली जुनी इमारत. खिडकीशी शिलाई मशीन. मशीनवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा.)

हे माझ्या आईचं घर. तिनं वर्षानुवर्षं घरी शिवणकाम केलं. आता डोळे थकलेत, पण डबा अजून हाताशी असतो. त्यात बिस्किटं कधीच नव्हती. बटणं, हूक, आणि रनर. पितळी, काळे, प्लॅस्टिकचे, एक तर गुलाबी, माझ्या दुसरीतल्या दप्तराचा. कपडा पुसायला काढायच्या आधी आई त्याची बटणं आणि रनर उतरवून घेते. लहानपणी मला याची लाज वाटायची. मैत्रिणीसमोर तर विशेष.

आधी शब्द लावून घेऊ. दुकानात झिपर कोणी म्हणत नाही, ती चेन. चेनवर पळतो तो रनर. रनरच्या कडीत लोंबतं ते पुलर. दोन्हीकडे दाते, आणि दाते बसलेत ती कापडी पट्टी. यातलं काहीही बिघडलं तरी आपण एकच वाक्य बोलतो, ‘चेन गेली’, आणि शिंपी अख्खी चेन बदलून देतो. त्यात त्याची चूक नाही. आपण मागितलंच तसं.

(दारात शाळेचा गणवेश घातलेला मुलगा, हातात दप्तर.)

शेजारचा हा मुलगा. जून महिना, शाळा नुकती सुरू झालेली.

‘आजी, चेन गेली.’

‘गेली कुठं? इथंच तर आहे. आण बघू.’

(जवळून: रनर, रिकामी कडी.)

याचं फक्त पुलर तुटलंय, कडी शाबूत आहे. मग काम दोन मिनिटांचं. नायलॉनची बारीक दोरी दुहेरी घ्यायची, तिचा वळसा कडीतून काढायचा, दोन्ही टोकं त्याच वळशातून ओवायची आणि ओढायचं. गाठ आपोआप कडीला घट्ट बसते. टोकांना शेवटी एक जाड गाठ, बोटाला पकड मिळायला. टोक काडेपेटीनं किंचित वितळवलं की दोरी उसवत नाही; हे मात्र मोठ्यांनी करायचं.

सेफ्टी पिन आईला चालते, पण तात्पुरती. लहान मुलाच्या कपड्याला तर ती मुळीच लावू देत नाही. लोखंडी रिंग रेनकोटला नको, एका पावसाळ्यात गंजते आणि कापडावर तांबडा डाग सोडते. जीन्सला मात्र बारीक रिंग सोन्यासारखी. चेन सारखी खाली घसरत असेल तर रिंग पुलरमध्ये घालायची, चेन वर ओढायची, रिंग बटणात अडकवायची आणि वरून बटण लावायचं. बाहेरून काही दिसत नाही. ही युक्ती किती साहेब लोक वापरतात ते आईला ठाऊक आहे, ती सांगत नाही.

(दप्तराचा मोठा कप्पा. रनर पुढे जातो, मागे चेन उघडी.)

दप्तराची दुसरी चेन बघा. रनर पळतोय, पण मागे चेन उघडीच राहते. इथं बहुतेक जण हात टेकतात, आणि गंमत खरी इथंच आहे.

रनरच्या पुढच्या बाजूला दोन तोंडं असतात, मागे एक. दोन्हीकडचे दाते दोन तोंडांतून आत येतात, आत कोनात दाबले जाऊन एकमेकांत अडकतात आणि मागून जोडीनं बाहेर पडतात. उलट ओढलं की दोन तोंडांमधला पाचरीसारखा भाग त्यांना परत वेगळं करतो. रोजच्या घासण्यानं, आणि डबा, वह्या, छत्री कोंबून कोंबून, रनरच्या वरच्या आणि खालच्या पत्र्यातली फट वाढते. दाते पुरेसे दाबलेच जात नाहीत. दात्यांना काहीही झालेलं नसतं. सैल झालेला असतो तो रनर.

आई रनर सुरुवातीला नेते, लांब नाकाची पक्कड घेते आणि मागच्या टोकाशी एका कडेला दाबते. मग दुसऱ्या कडेला.

मुलगा विचारतो, ‘मी दाबू?’

‘दाब. पण लिंबू पिळतोस तसं नको. चिमटा काढतोस तसं.’

(जवळून: पक्कड, रनरची कड.)

थोडं दाबायचं, चालवून बघायचं, पुन्हा थोडं. बरेच रनर जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात. ते वाकायला फार तयार नसतात, एकदम कट् करून तुटतात. आणि जास्त दाबलं तर रनर जागचा हलतच नाही.

दाबूनही भागलं नाही तर नवा रनर. त्यासाठी जांभळी नाक्याला चला.

(जांभळी नाका. शिवणाच्या सामानाचं दुकान. मीटरवर विकायच्या चेनची रिळं.)

वडापावच्या पैशात रनर येतो, पण नमुना हातात हवा. जुन्या रनरच्या पाठीवर बहुतेकदा आकडा असतो: 3, 5, 8, 10. बंद चेनच्या दात्यांची रुंदी साधारण तितके मिलिमीटर. पँटला बारीक, सॅकला जाड. नायलॉनच्या वेटोळ्याच्या चेनला धातूच्या दात्यांचा रनर लागत नाही, आकडा जुळला तरीही. आईचं सांगणं एवढंच, तोंडी वर्णन करू नकोस, तुटका रनर काउंटरवर ठेव.

दुकानात उभं असताना एक जुनी हकीकत. 1893 साली अमेरिकेत व्हिटकोंब जडसननं असल्या बंदाचं पेटंट घेतलं, बुटांसाठी. ते सारखं निसटायचं. मूळचा स्वीडनचा गिडियन सुंडबॅक यानं 1913 च्या सुमारास दाते जवळजवळ आणून ते नीट चालतं केलं. झिपर हे नाव 1923 मध्ये गुडरिच कंपनीनं आपल्या रबरी बुटांवरून रूढ केलं. आपण त्याला चेन म्हणून मोकळे झालो. नखानं ओढायची वेळ मात्र सगळ्यांवर येते.

(पुन्हा चरई. उसवलेली शिवण.)

चेनच्या खालच्या टोकाची शिवण दोनेक बोटं उसवायची. पट्टीची टोकं सारखी कापायची; धागे निघत असतील तर मेणबत्तीचं मेण चोळून कडक करायची. मग रनरच्या दोन तोंडांत दोन टोकं, दोन्ही एकाच वेळी आणि एकाच पातळीवर. एक बाजू एक दाता जरी पुढे गेली तरी वर पोचल्यावर चेन वाकडी बसते. आई तीनदा काढते, चौथ्यांदा जमतं. हे कापलं नाही, मुद्दाम ठेवलंय.

रनर बसला की टोकाशी आडवे आठ-दहा टाके, जाड दोऱ्यानं. तोच त्याचा अडसर. खालीच एखादा दाता पडला असेल तर टाके त्याच्या वर घालायचे, कप्पा तेवढा आखूड होतो. मधलाच दाता गेला तर मात्र चेन बदला, त्याला इलाज नाही.

चालताना अडली तर धातूच्या दात्यांवर पेन्सिलीचं शिसं घासा, नायलॉनवर मेण किंवा कोरडा साबण. तेल नको, त्यावर धूळ बसते आणि दोन आठवड्यांत पहिल्यापेक्षा वाईट.

(मुलगा चेन उघडतो, लावतो, उघडतो.)

मुलगा अकरा वेळा चेन लावून बघतो. आई जुना रनर उचलते, खिडकीशी धरते, आणि डब्यात टाकते.

‘आई, तो तर गेलेला आहे.’

‘पुलर चांगलं आहे की त्याचं.’