तुगेलाकाठचं एक मिनिट

(पडद्यावर जुना मूकपट, शेजारी निवेदक. कोसळलेला पूल. आवाज नाही.)

डिसेंबर १८९९. दक्षिण आफ्रिकेतली नाताळ वसाहत, गाव फ्रेअर. दर्बन बंदराकडून येणारी रेल्वे इथं नदी ओलांडून लेडीस्मिथला जाते. जायची, म्हणू या. ब्रिटिशांशी लढणाऱ्या बोअर, म्हणजे तिथल्या डच वंशाच्या, सैनिकांनी पूल सुरुंगानं उडवलाय आणि लेडीस्मिथमध्ये ब्रिटिश फौज नोव्हेंबरपासून कोंडलेली आहे. जनरल बुलर तिला सोडवायला निघालेत, पण तोफगोळ्यांपासून बिस्किटांपर्यंत सगळं येणार रेल्वेनं. म्हणजे आधी पूल.

चित्र किती स्वच्छ आहे बघा! इतरांची फिल्म ३५ मिलिमीटर रुंद, बायोग्राफ कंपनीची ६८. कॅमेराही तसाच अगडबंब. बॅटऱ्यांसकट गाडीत घालून न्यावा लागे. तो चालवणारे डब्ल्यू. के. एल. डिक्सन पूर्वी एडिसनच्या प्रयोगशाळेत होते. आले बुलर यांच्याच बोटीनं, लढाई टिपायला. पण बंदुकांची दारू बिनधुराची, शत्रू खंदकात लपलेला; टिपणार काय? तिकडे इंग्लंडात काहींनी माळावर नट उभे करून खुशाल लढाया चित्रित केल्या. डिक्सननी पुलाची दुरुस्ती घेतली. पूल जागचा हलत नाही.

नवा पूल उभारायला वेळ कुठला? रूळ बाजूनं वळवले, लाकडी आधारांवर तात्पुरता पूल टाकला.

(नदी. पुलाच्या होड्या.)

पुढं तुगेला नदी. १७ जानेवारी १९००, ट्रिकहार्ट्स ड्रिफ्ट, नदी ओलांडायचा उतार. इथं होड्यांचा पूल. गाडीवरून होडी उतरवायची, पाण्यात लोटायची, नांगर टाकायचा. दोन होड्यांवर वासे, वाशांवर फळ्या, फळ्या दोरानं आवळायच्या. मग पुढची होडी. खडकीच्या सॅपर्सची, म्हणजे लष्करी अभियंत्यांची, कवायत ज्यांनी पाहिलीय, त्यांना हे नवं नाही.

इतिहासात हे काम ‘रॉयल इंजिनियर्स’च्या नावावर आहे. असू दे. पण फौजेच्या बैलगाड्या हाकत होते आफ्रिकी लोक आणि नाताळच्या रेल्वेवर राबत होते मद्रास-कलकत्त्याहून करारानं बांधून नेलेले मजूर, गिरमिटिये. अधिकाऱ्यांची नावं सापडतात, यांची नाहीत. म्हणून चित्राच्या कडेला नजर ठेवा.

(डोंगर. दवाखान्याच्या गाड्या.)

२४ जानेवारी, स्पियन कोप. डोंगरमाथ्यावर ब्रिटिशांचा पराभव झाला आणि फौज आली तशी नदीपार परतली. जखमींच्या डोल्या वाहायला सुमारे अकराशे भारतीयांचं पथक होतं. त्यात गिरमिटियेच जास्त, आणि एक तिशीचे बॅरिस्टर, मोहनदास गांधी. खांद्यावर डोली घेऊन दिवसाला वीस-पंचवीस मैल चाल.

लेडीस्मिथ २८ फेब्रुवारीला सुटलं. युद्ध दोन वर्षं लांबलं. ब्रिटिशांच्या छावण्यांत बोअर बायका-मुलं आणि आफ्रिकी माणसं हजारोंनी मेली.

आता हा शेवटचा तुकडा. डिक्सननी तुगेलाकाठी घेतलेला. जखमींच्या गाड्या नदी ओलांडतायत. मी बोलत नाही, तुम्ही बघा.